एक मेगावॉटचं प्रीफॅब डेटा सेंटर: दसऱ्याला ड्रॉइंग गोठवा, होळीला मॉड्यूल पायावर ठेवा

ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लॉट ताब्यात आल्यापासून सर्व्हर चालू होईपर्यंत नेहमीच्या बांधकामात दोन पावसाळे सहज निघून जातात. तेच डेटा सेंटर कारखान्यात तयार केलेल्या खोलीएवढ्या मॉड्यूलमधून, म्हणजे प्रीफॅब पद्धतीने, उभं केलं, तर एक पावसाळा सरता सरता सुरुवात करून पुढचा लागण्याआधी ते चालू करता येतं. जागेवर पाया भरला जात असताना दुसरीकडे कारखान्यात भिंती, केबल ट्रे, यूपीएस, पाइप जोडले जात असतात, म्हणून हे जमतं. मात्र ही दोन कामं शेवटी एका रेषेवर भेटावी लागतात आणि प्रीफॅब प्रकल्प अडतात ते याच रेषेवर. मॉड्यूल पायावर बसत नाही, केबल ग्लँड प्लेटपाशी, म्हणजे ती आत शिरायच्या भोकांच्या पत्र्यापाशी, पोहोचत नाही, दोन मॉड्यूलमधल्या फटीतून पाणी येतं. म्हणून पुढे यंत्रांपेक्षा सांध्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणासाठी १ मेगावॉट आयटी भाराचं (म्हणजे सर्व्हरना लागणारी वीज तेवढी), एकमजली डेटा सेंटर धरलं आहे. कोणतंही एक यंत्र दुरुस्तीसाठी बंद केलं तरी सर्व्हर थांबू नयेत, ही अट.

आधी आकडे

८४ रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं), प्रत्येकी १२ किलोवॉट, म्हणजे १००८ किलोवॉट. यूपीएसमधला तोटा साधारण ५० किलोवॉट, थंडाव्याला ३५० च्या आसपास, बॅटरी चार्जिंग, दिवे आणि बाकीचं किरकोळ धरून एकूण मागणी १५०० किलोवॉटच्या घरात जाते.

ट्रान्सफॉर्मर दोन घ्या, प्रत्येकी २००० केव्हीए, म्हणजे एकावर सगळा भार चालेल. ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह २६६७ अँपिअर येतो, म्हणून ३२०० अँपिअरचा एअर सर्किट ब्रेकर. यूपीएस अ आणि ब अशा दोन स्वतंत्र बाजूंना प्रत्येकी १२०० किलोवॉट. रॅकपेक्षा हा आकडा जास्त का, ते पाण्याच्या टाकीपाशी कळेल.

रॅकच्या वीजजोडणीत एक चूक फार वेळा होते. ४१५ व्होल्टची १६ अँपिअर थ्री-फेज जोडणी ११.५ केव्हीएच देते. १२ किलोवॉटच्या रॅकला ती अपुरी पडते, म्हणून ३२ अँपिअरच घ्या. १४ रॅकच्या एका ओळीचा भार १६८ किलोवॉट, प्रवाह साधारण २४५ अँपिअर. त्याला ४०० अँपिअरचा बसवे, म्हणजे ओळीवरून जाणारा वीजवाहक पट्ट्यांचा बंद मार्ग, पुरतो.

जनरेटरसाठी ७५० केव्हीएचे चार संच घ्या. तीन चालले की १८०० किलोवॉट मिळतात, चौथा राखीव. दोन मोठे संच घ्यायचा मोह होतो, पण ८०० किलोवॉटवरच्या संचांना वेगळे नियम लागतात आणि धुरांडं ३० मीटरवर न्यायची वेळ येते. लहान संचांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र लागू होतं: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. ७५० केव्हीएला इमारतीच्या वर साडेपाच मीटर पुरतात.

डिझेल तासाला साधारण ३९० लिटर लागेल. परवान्याशिवाय डिझेल ठेवता येतं ते एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि एकही टाकी १००० लिटरवर जाता कामा नये. सगळीकडे ९९० लिटरच्या डे टँक दिसतात त्या याच कारणाने. अशा दोन टाक्यांत पाच तास निघतात. २४ तासांचा साठा म्हणजे साडेनऊ हजार लिटर, त्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना हवा. टाक्यांची जागा आणि सुरक्षित अंतरं त्या परवान्याच्या नकाशात दाखवावी लागतात. म्हणून हा अर्ज प्लॉटचा आराखडा पक्का करतानाच करा. सगळं बसवून झाल्यावर टाकी हलवायला जागा उरलेली नसते.

मॉड्यूलचं माप

सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स’ म्हणून जहाजी कंटेनरमधलं डेटा सेंटर दाखवलं तेव्हापासून प्रीफॅब म्हटलं की कंटेनर डोळ्यापुढे येतो. कंटेनर आतून २.३५ मीटर रुंद असतो. त्यात १.२ मीटर खोल रॅक ठेवला की पुढे-मागे मिळून १.१५ मीटर उरतात. सर्व्हर रेल्सवरून बाहेर ओढायला समोर किमान एक मीटर लागतो, म्हणजे मागे माणूस उभा राहू शकत नाही. तात्पुरत्या कामाला कंटेनर ठीक. पंधरा वर्षं चालवायच्या जागेला तो घेऊ नये.

३ मीटर रुंद, १२ मीटर लांब, ३.३ मीटर उंच पोलादी चौकटीची सहा मॉड्यूल शेजारी शेजारी ठेवा. मधल्या बाजूंना भिंती नकोत, म्हणजे १८ बाय १२ मीटरचं सलग दालन मिळतं. प्रत्येक मॉड्यूलमध्ये १४ रॅकची एकच ओळ, लांबी ८.४ मीटर. उरलेल्या लांबीत एका टोकाला थंड हवेची युनिटं, दुसऱ्या टोकाला येण्याजाण्याची वाट. रॅकची ओळ मॉड्यूलच्या पोटात ठेवली की दोन मॉड्यूलमधला सांधा आपोआप गल्लीच्या वर येतो. छत गळलंच तर पाणी गल्लीत पडेल, रॅकवर नाही. पुरवठादाराच्या आराखड्यात सर्वांत आधी हेच तपासा.

याशिवाय अ आणि ब विद्युत मॉड्यूल, बॅटरीसाठी वेगळं मॉड्यूल, पंपांचं एक आणि प्रवेश-नियंत्रण कक्षाचं एक, अशी एकूण अकरा मॉड्यूल होतात. चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं) आणि जनरेटर आपापल्या चौकटीवर उघड्यावर.

३ मीटर रुंदीची एक किंमत मोजावी लागते. रस्त्यावर नेहमीच्या वाहनाची मर्यादा २.६ मीटर, त्यामुळे प्रत्येक मॉड्यूल जास्त आकाराच्या मालाच्या परवानगीनेच निघेल. लो-बेड ट्रेलरच्या मीटरभर उंच पाट्यावर ठेवल्यावर एकूण उंची ४.३ मीटर होते. कारखाना पुण्याच्या बाजूला असेल तर बोरघाट आलाच. ऑर्डर देण्यापूर्वी मार्गावरचे पूल, साइन गँट्री, विजेच्या तारा आणि एमआयडीसीतली अरुंद वळणं एकदा प्रत्यक्ष मोजून घ्या.

ड्रॉइंग गोठवणं

विटांच्या इमारतीत दरवाजा फूटभर सरकवायचा म्हटलं तर गवंडी कुरकुरत का होईना, सरकवतो. इथे तो दरवाजा वेल्डिंग करून, गॅल्व्हनाइज होऊन, रंग लागून तयार असतो. म्हणून बदल थांबवण्याची तारीख ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्या.

कॅलेंडर पावसावरून उलटं मोजा. मॉड्यूल मार्चमध्ये, होळीच्या सुमारास, पायावर बसली पाहिजेत, म्हणजे एप्रिल-मे चाचण्यांना मिळतात. कारखान्याला सोळा आठवडे लागतात. वाहतुकीला आणि परवानग्यांना तीन आठवडे धरा. म्हणजे ड्रॉइंग दसऱ्याला गोठलं पाहिजे आणि डिझाइन ऑगस्टच्या मध्यावर सुरू झालं पाहिजे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये खोदाई, जानेवारीअखेर पाया तयार. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि चिलर यांची ऑर्डर मात्र दसऱ्याची वाट न पाहता द्या. त्यांचा पुरवठाकाळ बहुतेक वेळा मॉड्यूलपेक्षा लांब असतो आणि मॉड्यूल वेळेत येऊन ट्रान्सफॉर्मरसाठी थांबली तर सगळी धावपळ फुकट जाते.

गोठवायच्या कागदांत सर्वांत मोलाचा तो सांध्यांचा तक्ता. मॉड्यूलच्या आत-बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट त्यात एका ओळीत लिहायची: कोणती केबल, किती जाडीची, कोणत्या ग्लँड प्लेटमधून, मूळ बिंदूपासून क्ष, य आणि उंची किती, आणि जोडायचं कोणी. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की भांडण ठरलेलं. ‘केबल आम्ही ओढू, लग (टोकाचा धातूचा जोड) कोण लावणार?’ यावर आठवडा जातो. कारखाना आणि जागेवरचा ठेकेदार एकाच मूळ बिंदूवरून मोजतील, हेही त्याच तक्त्यावर लिहून घ्या.

पैशाचं वेळापत्रकही वेगळं पडतं. खर्चाचा मोठा भाग प्लॉटवर एकही भिंत दिसण्याआधीच कारखान्याला द्यावा लागतो. बँकेला हे आधी समजावून सांगा, हप्ते कारखान्यातल्या चाचण्यांना बांधा आणि मालकी कोणत्या क्षणी तुमच्याकडे येते ते करारात आणि वाहतूक विम्यात सारखंच लिहून घ्या.

परवानग्या

कंटेनरसारखं दिसतं म्हणून याला यंत्र समजू नका. ही इमारत आहे. आराखड्याची मंजुरी, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, उच्चदाब जोडणी आणि जनरेटरसाठी विद्युत निरीक्षकाची मंजुरी, सगळं लागतं. महावितरणकडे वीजमागणीचा अर्ज पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे. दोन जोडण्या घेत असाल तर त्या दोन वेगळ्या उपकेंद्रांतून येतात का, हे कागदावर पाहून घ्या. एकाच उपकेंद्रातल्या दोन फीडरना दोन स्रोत म्हणता येत नाही. फायबरचंही तसंच. प्लॉटच्या दोन वेगळ्या बाजूंनी, दोन वेगळ्या चरांतून आत आणा.

पाया

डोंगराच्या बाजूच्या प्लॉटवर मुरूम आणि काळा कातळ लवकर लागतो, तिथे साधा पाया चालतो. खाडीच्या बाजूला भरावाखाली चिखलमाती असते आणि तिथे पाइल्सना पर्याय नसतो. भू-तपासणी केल्याशिवाय यावर मत देऊ नये.

मॉड्यूल रिकाम्या रॅकसह साधारण २० टन भरतं. चालू झाल्यावर १४ रॅक प्रत्येकी १२०० किलो धरले तर १७ टन वाढतात. पाया या ३७ टनांसाठी हवा. प्रत्येक मॉड्यूलखाली सहा आधार, एम-३० काँक्रीटचे पेडेस्टल (बुटके खांब), जमिनीपासून १.२ मीटर उंच.

ही उंची दोन कारणांनी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी पाणी कुठवर चढतं, ते आजूबाजूच्या कारखान्यांत विचारून त्यांच्या भिंतींवर मोजता येतं आणि प्लिंथ त्याच्या वर हवी. दुसरं कारण केबलचं. ३०० चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल मनगटापेक्षा जाड असते आणि जाडीच्या बारापट त्रिज्येपेक्षा कमी वाकवायची नसते, म्हणजे जवळजवळ ८०० मिलिमीटर. मॉड्यूलखाली ६०० मिलिमीटरचीच पोकळी ठेवली तर केबल चरातून वर वळून ग्लँडमध्ये सरळ शिरत नाही, तिरकी शिरते, आणि ग्लँड कधीच नीट आवळला जात नाही. शिवाय खाली माणूस बसून काम करू शकला पाहिजे.

पेडेस्टलच्या माथ्याची पातळी ±३ मिलिमीटरमध्ये हवी. काँक्रीट ओतताना ही अचूकता मिळत नाही. माथा २५ मिलिमीटर कमी ठेवा, वर पोलादी प्लेट पातळीत बसवा आणि खाली न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरा. नटबोल्ट काँक्रीटमध्ये आधीच पुरून ठेवू नका. सहा मॉड्यूलच्या छत्तीस जागांपैकी चार तरी चुकतात आणि मॉड्यूल क्रेनला लटकलेलं असताना गॅस कटरने भोकं मोठी करत बसावं लागतं. त्याऐवजी ३०० बाय ३०० बाय २० मिलिमीटरची प्लेट पुरा आणि मॉड्यूल जागेवर आल्यावर क्लॅम्प वेल्ड करा. पाच सेंटिमीटरची चूक त्यात निभावते. क्लॅम्प टाळायचे मात्र नाहीत: मुंबई परिसरासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे मॉड्यूलच्या लांब बाजूवर चार-पाच टनांचा आडवा रेटा.

अर्थिंगची जाळी पाया भरतानाच टाका. प्रत्येक मॉड्यूल दोन विरुद्ध कोपऱ्यांत जोडायचं आहे, तेवढ्या पट्ट्या वर आणून ठेवा.

कारखान्यात काय पाहायचं

भिंतींचं सँडविच पॅनेल रॉकवूलचं, दोन तासांच्या अग्निरोधाचं घ्या. पफ (पॉलियुरेथेन फोम) स्वस्त आणि हलका आहे, पण जळतो. पोलादावर खाडीकाठच्या हवेसाठीची, आयएसओ १२९४४ मधली सी-५ दर्जाची रंगप्रणाली. चिलरच्या कंडेन्सर कॉइलला इपॉक्सीचा लेप हवा. त्याशिवायची कॉइल खारट हवेत लवकर पिठासारखी झडू लागते आणि चिलर ऐन मे महिन्यात उच्चदाबावर बंद पडतो.

अग्निशमन वायूची निवड आता विचाराने करा. थ्रीएम कंपनीने नोव्हेक या अग्निशामक रसायनाचं उत्पादन २०२५ अखेर थांबवणार असल्याचं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. त्याच रसायनाचे दुसरे उत्पादक आहेत, पण पुन्हा भरण्याची हमी लेखी घ्या. निष्क्रिय वायू घेतलात तर दाब सोडणारी झडप हिशोबाने बसवा. तो वायू सुटतो तेव्हा खोलीत दाब वाढतो आणि मॉड्यूलच्या भिंती विटांच्या नसतात.

कारखान्यातली चाचणी फोटो पाहून मान्य करू नका, स्वतः जा. सहाही मॉड्यूल तिथल्या जमिनीवर शेजारी लावून, बोल्ट घालून, बसवे आणि पाइप जोडून दाखवायला सांगा. त्याला आठ-दहा दिवस जास्त लागतात. कारखाना टाळाटाळ करील, तरी हट्ट सोडू नका. न जुळणारी फ्लँज कारखान्यात तासाभरात सुटते. तीच जागेवर सापडली तर दोन आठवडे खाते.

वाहतूक आणि क्रेन

उघड्या बाजूंना वाहतुकीपुरते खांब आणि तिरके आधार लावलेले असतात. त्यांना लाल रंग द्या, म्हणजे कोणते काढायचे आणि कोणते नाहीत यात घोळ होत नाही. आतून ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पिशव्या, बाहेरून घट्ट प्लास्टिक, आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये धक्का नोंदवणारं उपकरण. बॅटऱ्या आणि सर्व्हर वेगळे न्या.

१०० टनी क्रेन म्हणजे १०० टन उचलणारी क्रेन, असं समजू नका. तो आकडा क्रेनच्या अगदी जवळचा, साधारण तीन मीटर त्रिज्येचा असतो. आपल्याला २० टनांचं मॉड्यूल आणि दोन टनांचा बीम १४ मीटरवर ठेवायचा आहे. त्या त्रिज्येला तक्त्यात जी क्षमता दिसेल तिच्या ७५ टक्क्यांत २२ टन बसले पाहिजेत. क्रेनचा एक पाय ५० टनांवर भार देऊ शकतो, त्यामुळे नुकत्याच बुजवलेल्या केबल चराजवळ पाय टेकवू देऊ नका. उचलताना स्प्रेडर बीम लावून साखळ्या उभ्या ठेवा. तिरक्या साखळ्या मॉड्यूलचे कोपरे आत ओढतात आणि दरवाजे कायमचे घासू लागतात.

ठेवायला सुरुवात मधल्या मॉड्यूलपासून करा. एका टोकापासून सुरू केलं आणि प्रत्येक सांध्यात पाच मिलिमीटर वाढत गेले, तर शेवटचं मॉड्यूल २५ मिलिमीटर बाहेर पडतं आणि विद्युत मॉड्यूलशी त्याचा मेळ बसत नाही. मधून दोन्हीकडे गेलं की चूक वाटली जाते. प्रत्येक मॉड्यूलची रेषा मूळ बिंदूवरून मारा, शेजाऱ्यावरून नाही.

सांधा

दोन मॉड्यूल साधारण ४० मिलिमीटर अंतरावर येऊन टेकतात, मग चेन पुलीने हळूहळू ओढून घेतात. दोन्ही चौकटींच्या कडेला ईपीडीएम रबराची पोकळ गॅस्केट असते, एक बाहेरच्या बाजूला, एक आत. २० मिलिमीटरची गॅस्केट १० ते १२ मिलिमीटरवर दबली पाहिजे. बोल्ट एम-२०, दर ६०० मिलिमीटरला. आवळताना मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत. पहिल्याच फेरीत एका टोकाला पूर्ण आवळलं की दुसऱ्या टोकाला फट राहते आणि मग ती सीलंटने भरायचा मोह होतो. प्रत्येक बोल्टपाशी फट मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहा. १४ च्या वर दिसला तर बोल्ट सैल करून खालची शिम (पातळी जुळवणारी पातळ धातूपट्टी) बदला.

चारही कोपरे विशेष जपा. गॅस्केटचा उभा आणि आडवा तुकडा जिथे भेटतो तिथे तो कारखान्यातच वितळवून एकसंध केलेला हवा. जागेवर कात्रीने कापून टेकवलेला कोपरा पहिल्याच सरीत बोलतो.

छतावर दोन्ही मॉड्यूलच्या कडा १०० मिलिमीटर वर उचललेल्या हव्यात आणि त्यावर टोपीसारखं पत्र्याचं आवरण. पाणी सांध्यापर्यंत पोहोचताच कामा नये. सीलंटवर भरवसा ठेवायचा नाही. उन्हात १८ मीटर पोलाद ३० अंशांच्या फरकाने साडेसहा मिलिमीटर लांब-आखूड होतं, रोज. सिमेंट किंवा कडक होणारा मसाला या हालचालीत फुटतो. कोकणपट्टीत दालनाच्या वर वेगळा उताराचा पत्रा टाकून पागोळ्या भिंतींपासून दूर सोडाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च वाढतो, पण सांध्यांवरचं ऊन आणि पाऊस दोन्ही वाचतं.

पाण्याइतकीच हवेचीही गोष्ट आहे. दालनात दवबिंदू १५ अंशांच्या खाली ठेवायचा असतो आणि थंड पाणी २० अंशांनी येतं, म्हणून पाइप कोरडे राहतात. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. न दबलेल्या गॅस्केटमधून ती हवा आत शिरली की बोल्टच्या डोक्यांवर, पाइपच्या झडपांवर दव धरतं आणि लोक पाइप गळतोय समजून आठवडाभर प्लंबरला बोलावत राहतात. म्हणून आतल्या बाजूने सांध्यावर १०० मिलिमीटर रुंद अॅल्युमिनियम टेप अखंड लावा आणि कोरडी केलेली ताजी हवा देऊन दालनात बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब ठेवा.

मग पाण्याची परीक्षा. प्रत्येक सांध्यावर पंधरा मिनिटं जोरदार फवारा, आत दिवे बंद करून टॉर्च तिरका धरून पाहणी. ओल्या पत्र्यावर तिरका प्रकाश पडला की थेंब लगेच चमकतो. त्यानंतर दार-पंखा चाचणी: दारात पंखा बसवून दाब देतात आणि किती हवा निसटते ते मोजतात. अग्निशमन वायू दहा मिनिटं खोलीत टिकेल का, हेही याच चाचणीतून कळतं. दोन्ही होईपर्यंत छताची आतली आवरणं बंद करू देऊ नका.

पाणी आणि वीज

एकूण उष्णता साधारण ११२० किलोवॉट. ६०० किलोवॉटचे तीन चिलर, दोन चालतील. बाहेरचं तापमान ४५ अंश धरून निवडा. हवामानखात्याचा आकडा कमी असला तरी चिलरची स्वतःची गरम हवा परत त्यालाच मिळते. बाष्पीभवनावर चालणारा थंडावा विदर्भ-मराठवाड्यात उपयोगी पडतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही.

२० अंशांनी जाऊन ३० अंशांनी परतणारं पाणी सेकंदाला २६ ते २७ लिटर लागतं, त्याला १५० मिलिमीटरचा पाइप पुरतो. मॉड्यूलमधले पाइप खाचेच्या कपलिंगने जोडा, आत वेल्डिंग नको. वीज गेल्यावर जनरेटर येऊन चिलर पुन्हा पूर्ण चालायला काही मिनिटं लागतात आणि १२ किलोवॉटचे रॅक तोवर झपाट्याने तापतात. पाच मिनिटांचं पाणी म्हणजे ८००० लिटरची टाकी ठेवा आणि पंप व पंखे यूपीएसवर घ्या. यूपीएस १२०० चा घेतला तो यासाठी.

हवेचा हिशोब सोपा आहे: १२ अंशांच्या फरकाला दर किलोवॉटला तासाला २५० घनमीटर. एका ओळीला ४२ हजार घनमीटर. रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या नसतील तर यातली बरीच हवा सर्व्हरला न भेटताच परत जाते.

चिलर सुरू करण्याआधी पाइप धुवा, आणि धुताना पाणी हवेच्या युनिटांच्या कॉइलमधून जाऊ देऊ नका, वळसा घालून न्या. वेल्डिंगची खपली कॉइलमध्ये अडकली की ती निघत नाही.

प्रवासात हादरे बसलेला प्रत्येक बसबार सांधा निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि नट-प्लेटवर रंगाची आडवी रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. पूर्ण भार दिल्यावर थर्मल कॅमेऱ्याने परत पाहा.

चालू करण्यापूर्वी

८४ रॅकमध्ये १२ किलोवॉटचे हीटर बसवून २४ तास पूर्ण भार चालवा. मग एकेक गोष्ट मुद्दाम पाडा: अ बाजूचा यूपीएस, एक चिलर, एक पंप, एक जनरेटर, नियंत्रणाची एक केबल. शेवटी मुख्य पुरवठा तोडा आणि थंड गल्लीतलं तापमान दर दहा सेकंदांनी नोंदवा. ते २७ अंशांच्या वर रेंगाळलं तर चिलर परत येण्याचा क्रम बदलावा लागेल. ही परीक्षा दुपारी दोनला, मे महिन्यात घ्या. पहाटे घेतलेली उत्तीर्ण परीक्षा कामाची नाही.

आणि एक काम, जे खरं तर प्लॉट घेतानाच सुरू करायला हवं: तांब्याच्या आणि चांदीच्या चाचणीपट्ट्या महिनाभर जागेवर टांगणं. या ठाणे-बेलापूर भागात रासायनिक कारखाने आहेत, ओहोटीला खाडीच्या चिखलाचा गंधकी वास येतो. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त गंजाचा थर चढला, तर ताज्या हवेच्या मार्गात रासायनिक फिल्टर लावायलाच हवेत. चालू झाल्यावर त्याच पट्ट्या दालनात पुन्हा टांगा, पहिली जूनमध्ये, नंतर दर तीन महिन्यांनी. त्याच फेरीत सांध्याच्या टेपवरून उघडा तळहात फिरवा. कुठे गारठा किंवा ओल लागली, तर ती जागा खडूने खूण करून बाहेरून उघडा.